मिसला मूल नाही

४ मार्च, सोमवार

केस गेले! कमरेपर्यंतचे होते, खांद्यावर आले. वर कपाळावर झिपऱ्या. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः मला केस कापायला घेऊन गेल्या आणि खुर्चीशेजारी उभ्या राहून केस कापणाऱ्या मुलीला सांगत राहिल्या — अजून थोडे, अजून थोडे. त्यांच्या हातात कुणाचा तरी फोटो होता. मला काही दाखवला नाही.

मी या परक्या देशात आलेय इंग्रजी शिकवायला. चार-पाच वर्षांची पोरं, वीस डोकी, रंग, प्राणी, आकडे, टाळ्या. यात माझ्या केसांचा काय संबंध? विचारलंच मी. बाई गोड हसल्या. "मुलांना बदल आवडत नाही हो. रडतात. उगाच कशाला रडवायचं?"

मग पिवळा एप्रन दिला. स्वच्छ धुतलेला, पण कुणाच्या तरी अंगावर वर्षभर राहून सैल झालेला. माझ्या अंगात असा बसला की शिंप्याने माप घेऊन शिवावा!

वर्गात पाऊल टाकलं आणि वीसच्या वीस उभी. "गुड मॉर्निंग, मिस!" नवीन बाई बघून पोरं कशी बुजतात, कोपरात कोपर खुपसतात, तसलं काही नाही. दोन शेंड्यांवाली एक मुलगी सरळ पुढे आली, माझं डावं मनगट धरलं, उलटंपालटं करून पाहिलं. "आता दुखत नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

दुपारच्या सुट्टीत घरी फोन. भिंगरी ताईच्या मांडीवर. साडेचार वर्षांची माझी पोर, नाक लाल, डोळे सुजलेले. माझे कापलेले केस बघून जो हंबरडा फोडला तिने! ताईने फोन बाजूला नेला. "बरी आहे गं, तू काळजी करू नकोस." सहा महिने. सहा महिन्यांनी नोकरी पक्की झाली की माझ्या कागदांवर भिंगरीला इकडे आणता येतं. तोवर ती मोठ्या बहिणीकडे. ताईपेक्षा जास्त जीव लावणारं तिला दुसरं कोण आहे? तिचा बाप तर ती रांगत होती तेव्हाच उठून गेला.

सहा महिने म्हणजे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जातील. असं सगळे म्हणतात. डोळे मिटतच नाहीत माझे.


५ मार्च, मंगळवार

एक वही मिळालीये! जाड, लाल पुठ्ठ्याची. वर एकच शब्द — 'मिस'. आत चार-पाच निरनिराळी हस्ताक्षरं. मिसने मुलांना आजवर स्वतःबद्दल जे जे सांगितलं ते सगळं क्रमाने लिहिलंय.

मिसकडे करडी मांजर आहे. मिसला कोळ्यांची भीती वाटते. मिस हिरवे वाटाणे खात नाही. मिस हसताना तोंडावर हात धरते. मिस मागच्या वर्षी जिन्यावरून पडली, डावं मनगट मोडलं, आता बरं आहे.

म्हणजे असं की, या शाळेतली मिस बदलत नाही. बाया बदलतात. जुनी गेली की नवी यायची, तेच केस, तोच एप्रन, तीच मांजर. पोरांना पत्ता लागू द्यायचा नाही. या शाळेत म्हणे एकही मूल रडत नाही. गावात त्यावरच तर नाव आहे शाळेचं.

पाठ करत करत शेवटच्या पानावर आले. मिसला मूल नाही.

मी मान वर केली. "मला मुलगी आहे."

"तुम्हाला आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मिसला नाही. मिस फक्त आपली आहे असं मुलांना वाटतं. तेवढं सांभाळा. सहा महिन्यांत एकदा जरी वहीबाहेरचं तोंडून गेलं, तर मला दुसरी बघावी लागेल."

आवाज असा की जणू चहात साखर किती हे विचारतायत.

ताईला सांगितलं तर तिची हसून हसून पुरेवाट. "नाटक कंपनीत भरती झालीस की गं तू!" मीही हसले. हसताना हात तोंडावर गेला. सराव, दुसरं काय.


८ मार्च, शुक्रवार

पोरं गुणी आहेत. फार गुणी. पडली तरी रडत नाहीत. एकाचं आज गुडघ्याचं साल निघालं, रक्त आलं. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं, मी काय करते ते बघत होता. मी काय करायचं ते वहीत होतं — मिस जखमेवर तीन फुंकरा घालते. मी दोन घातल्या. तो थांबून राहिला. तिसरी घातली तेव्हा गेला खेळायला.

भिंगरी आजही रडली. फोन बंद करावा लागला.


१३ मार्च, बुधवार

साफसफाईच्या आजी आज माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हटलं, काय झालं? "पाचवी मिस आहेस तू," म्हणाल्या. "पहिलीचा चेहरा आठवायला जाते तर तुझाच येतो." आणि बादली उचलून निघून गेल्या. चांगलं स्वागत आहे!


२१ मार्च, गुरुवार

भिंगरीला तीन दिवस ताप. काही खात नाही. दूध तोंडाशी नेलं की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणे अंगात काही नाही, मनात घेतलंय. ताईचा आवाज पार खोल गेलेला. "दुपारी निजवायला गेले की दाराकडे बघत बसते. पापणी मिटत नाही. मी काय करू सांग."

सुट्टीत सामानाच्या खोलीत बसून बोलत होते, गठ्ठ्यांच्या आड. तिकडे पोर सुकतीये आणि मी इकडे दुसऱ्यांच्या पोरांना जिराफ शिकवतीये!

आणि मला सुचलं. ताईला म्हटलं, कपाटात माझा निळा गाऊन आहे, तो घाल. माझं तेल लाव केसांना. तिला कुशीत घेऊन उजव्या कुशीवर झोप, मी तशीच झोपते. पाठीवरून हात फिरवू नको, नुसता ठेव.

"आणि तिने विचारलं, तू आई आहेस का म्हणून, तर?"

"तर हो म्हण. मुलांना बदल आवडत नाही गं. उगाच कशाला रडवायचं?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला मोठ्या बाईंचा आवाज ऐकू आला. पण तेव्हा कुठलं काय, पोरीच्या पोटात घास जाऊ दे.


२२ मार्च, शुक्रवार

जेवली! ताप उतरला! दुपारी दोन तास झोपली. जीव भांड्यात पडला माझा. ताई म्हणाली, "झोपेत मला घट्ट धरून होती गं." आणि लगेच फोन ठेवून दिला. लग्नाला दहा वर्षं झाली तिच्या. घर तसंच शांत. रडली असेल. मीही रडले, पण आनंदाने.


३० मार्च, शनिवार

आज एक विचित्र प्रकार. भाजी घ्यायला गेले होते. दुकानाच्या दाराशी एक बाई उभी — खांद्यापर्यंत केस, कपाळावर झिपऱ्या. क्षणभर मला वाटलं आरसा आहे!

तेवढ्यात आमची दोन शेंड्यांवाली आईचा हात धरून आली. त्या बाईच्या अगदी अंगावरून गेली. बाई वाकली, हसली, हात पुढे केला. पोरीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला बघून मात्र उड्या मारत "मिस! मिस!"

पोर गेल्यावर ती बाई जवळ आली. वाटलं भांडणार. ती हळूच म्हणाली, "मांजर बरी आहे ना?"

आणि मी म्हणाले, "बरी आहे."

"माझी नव्हती ती," ती म्हणाली. "माझ्या आधीच्या बाईंची. पण तीन वर्षं होती ना माझ्याकडे. आठवण येते." तिचं डावं मनगट तिने उजव्या हातात धरलं होतं.

म्हटलं, तुम्ही आता काय करता? तर म्हणाली, "घरी असते. घरचे म्हणतात, तू बोलतेस ते आम्हाला कळत नाही." आणि भाजी न घेताच गेली. वाटाणे सोडून मी सगळं घेतलं. मला आवडतात खरं म्हणजे वाटाणे.


११ एप्रिल, गुरुवार

भिंगरी हसली!! महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली!

झालं असं, सुट्टी संपत आलेली, एप्रन काढायला वेळ नव्हता. तसाच फोन लावला. रडणार म्हणून मी आधीच कासावीस. पण ती एप्रनकडे बघत राहिली. मग मी काय केलं, वर्गातला आवाज काढला. दोन्ही हात हलवून, "हॅलो! हॅलो! व्हॉट कलर इज धिस?" एप्रन फडफडवून दाखवला. ती खुदकन हसली. "यलो" म्हणायला तीन मिनिटांत शिकली. चलाख आहे माझी पोर!

"ही कोण आहे?" तिने ताईला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "ही मिस."

मीही म्हटलं, हो, मी मिस! खेळच तो. आई म्हणून बोलले की दोघींच्या डोळ्यांना धारा, मिस म्हणून बोलले की अर्धा तास खिदळणं. सांगा, काय वाईट आहे? रोज असंच करायचं ठरवलं. इंग्रजीही येईल, इकडच्या शाळेत अडणार नाही.


२६ एप्रिल, शुक्रवार

दहा रंग, बारा प्राणी, वीसपर्यंत आकडे. माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा पुढे गेलीये. हात मागे बांधून ताठ उभी राहून म्हणते. ताई मागे निळ्या गाऊनमध्ये बसलेली असते. कौतुकाने बघते. दुपारी दोन वाजताही गाऊन. म्हटलं, "अगं, तुझ्या साड्या कुठे गेल्या?" म्हणाली, "तिला हाच आवडतो."


६ मे, सोमवार

आज वर्गात 'माझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही' शिकवलं. रीत अशी की आधी मी वाक्य म्हणायचं, मग पोरांनी मिसबद्दल म्हणायचं. आय हॅव अ कॅट. मिस हॅज अ कॅट! वीस आवाज एकदम. छान चाललं होतं. मग 'नाही'चं वाक्य हवं होतं. मी सायकल म्हणणार होते. बरणी, छत्री, काहीही चाललं असतं.

मागच्या बाकावरचा एक बारकासा आवाज मला शिकवल्यासारखा म्हणाला, "मिस हॅज नो चाइल्ड."

आणि सगळ्यांनी धरलं. मिस हॅज नो चाइल्ड. मिस हॅज नो चाइल्ड. टाळीच्या तालावर. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, मान डोलावत. थांबवायचं कसं? मी म्हटलं, "व्हेरी गुड." आणि टाळी वाजवत राहिले मी.


१७ मे, शुक्रवार

ताईने वही केलीये.

आज मोठ्या उत्साहाने सांगत होती. "तुझ्या शाळेसारखी. मी चुकू नये म्हणून. ती बारीकसारीक धरते गं, आई असं करायची नाही म्हणते." मग वाचून दाखवली. आई दुधावरची साय बोटाने काढते. आई खोटं खोटं रागावते तेव्हा एक डोळा बारीक करते. आई कडी लावली का ते दोनदा बघते. सगळं खरं. सगळं माझं. काही तर मलाच माहीत नव्हतं.

शेवटची ओळ — आई कधीच कुठे गेली नाही.

"हे का लिहिलंस?" मी विचारलं.

"सारखं विचारत होती, कुठे गेली होतीस, कुठे गेली होतीस. शेवटी म्हटलं, मी इथेच होते, तुला ताप होता ना, तुला तसं वाटलं. तेव्हापासून विचारत नाही." मग, "चुकलं का गं?"

नाही म्हटलं. चुकलं नाही. साडेतीन महिन्यांनी मी जाणारच आहे, तेव्हा सगळं सरळ करता येईल. लहान आहे, दोन दिवसांत विसरेल. असंच म्हणाले मी. आणि मग पाऊण तास सामानाच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून राहिले. घंटा झाली तीही कळली नाही.


३ जून, सोमवार

डावं मनगट आठ दिवस ठणकतंय. डॉक्टरने एक्स-रे काढला. म्हणाला, जुनं मोडलेलं आहे, चांगलं जुळलंय, अधूनमधून दुखणारच. मी कधी पडलेच नाही हो, मी म्हटलं. तो म्हणाला, लहानपणी पडला असाल, आठवत नसेल. हं. आठवत नसेल.


१९ जून, बुधवार

हे लिहायला हवं.

सुट्टीत फोन लावला. भिंगरी हात मागे बांधून उभी. मी नेहमीसारखी एप्रनमध्ये. प्राणी झाले, फळं झाली. मग ती म्हणाली, आता मी विचारते. मिस, तुमच्याकडे मांजर आहे का? अगदी माझ्या वर्गातल्यासारखं, इंग्रजीत. मी म्हटलं, आहे. करडी. ती खूश.

मग म्हणाली, "मिस, तुम्हाला मुलगी आहे का?"

म्हटलं, हीच वेळ आहे. सांगून टाकू. तू, तू गं बाळा, तूच माझी मुलगी. तोंड उघडलं आणि खोलीचं दार करकरलं. मोठ्या बाई. त्यांच्या दोन्ही हातांना माझ्या वर्गातली दोन पोरं. रंगीत कागद घ्यायला आल्या होत्या. तिघंही उभी राहून माझ्याकडे बघत होती. पोरांनी तो प्रश्न ऐकला होता. वाट बघत होती.

अडीच महिने उरलेत. फक्त अडीच. इथे घसरले तर नोकरी गेली, कागद गेले, भिंगरी इकडे येणं गेलं. तिच्यासाठीच तर गप्प बसायचं. तिच्यासाठीच.

मी म्हणाले, "नो. आय हॅव नो चाइल्ड."

फोनमधून भिंगरीने ताठ उभं राहून म्हटलं, "मिस हॅज नो चाइल्ड." एक चूक नाही. दारातल्या दोघांनीही तिच्याबरोबर म्हटलं. मग ती थोडी वाकून, जवळ येऊन, मराठीत म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका हं, मिस."


२० जून, गुरुवार

ताईला फोन. भिंगरी बाहेर खेळत असताना. कडकडून भांडले. काय वाट्टेल ते बोलले. चोर म्हणाले तिला. सख्ख्या बहिणीला!

ती शांत ऐकत होती. मग म्हणाली, "गाऊन कुणी घालायला सांगितला? हो म्हण असं कुणी सांगितलं? मिस मिस कुणी सुरू केलं?" सगळ्याचं उत्तर मीच. "दहा वर्षं मला कुणी हाक मारलेली नाही त्या नावाने," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तरी मी चोरी केली नाही. तू म्हणत असशील तर आत्ता बोलावते तिला. आत्ता सांगते सगळं. रडेल. पुन्हा दाराकडे बघत बसेल. ऐकायला थांबशील ना फोनवर?"

खिडकीतून भिंगरीचं खिदळणं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, नको. मी येईपर्यंत नको.


८ जुलै, सोमवार

ताईची तब्येत बरी नाही. गार वारा लागला की ओटीपोटात ओढ लागते म्हणे. खाली, आडवी. बोटाने दाखवलं तिने, कुठे ते.

तिथे माझे टाके आहेत. भिंगरीच्या वेळचे.

आंघोळीला गेले तेव्हा स्वतःच्या पोटावरून हात फिरवून पाहिला. आहेत. फिकट झालेत, पण आहेत. असणारच! कुठे जातील? वेड्यासारखं दोनदा पाहिलं.


२९ जुलै, सोमवार

"आज शिकवणी नको, मिस. आम्ही फिरायला चाललोय." एवढंच बोलली भिंगरी.


१४ ऑगस्ट, बुधवार

मला माझी पोर हवी आहे. इंग्रजी गेलं खड्ड्यात.

वर्गात आज माझा तोल गेला. दोन शेंड्यांवालीला उचलून कडेवर घेतलं आणि सोडलंच नाही मी. तिच्या केसांना वेगळाच वास. ती अंग ताठ करून शांत बसून राहिली. मग म्हणाली, "मिस कुणाला उचलून घेत नाही." खाली ठेवली. बाकीची अठरा-एकोणीस तोंडं माझ्याकडे. कुणी रागावलं नव्हतं. कुणी घाबरलं नव्हतं. वहीत नाही ते घडलं, म्हणून नुसती थांबली होती, मी पुन्हा नीट होईपर्यंत.

कुणी घरी सांगितलं नाही म्हणजे मिळवली.


३० ऑगस्ट, शुक्रवार

पक्की!! नोकरी पक्की! सही, शिक्का, सगळं. मुलीच्या कागदांचा अर्जही मोठ्या बाईंनी स्वतः पुढे केला, वर म्हणाल्या, "तुमची मुलगी आली की तिलाही आपल्याच वर्गात घालू. घरी काय ते तुमचं. वर्गात मात्र तुम्ही मिस." म्हटलं, बघू. आधी हातात तर येऊ दे.

ताईला कळवलं. आठवडाभरात येते. ताई म्हणाली, "ये." मग, "काय काय भरून ठेवू तिचं?" रडत नव्हती. भिंगरीला सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, "तू ये, मग तूच सांग. मला जमणार नाही."

बरोबर आहे. मीच सांगायला हवं. सगळ्या वाटेत तेच शब्द जुळवायचे. जवळ घ्यायचं, मग सांगायचं. आधी जवळ घ्यायचं.


६ सप्टेंबर, शुक्रवार

मी दोन आठवडे नसणार म्हणून एक बदली बाई आल्या. लांब केस होते. होते! दुपारी खांद्यापर्यंत आले. मोठ्या बाईंच्या हातात फोटो होता आणि या वेळी मला दिसला. माझाच फोटो. मार्चमधला नाही. आत्ताचा असावा. किंवा माझा नसेलही, सांगता येत नाही.

एप्रन काढून तिला दिला. वही दिली. तिने चाळली, शेवटच्या पानाशी थांबली. "मला दोन मुलगे आहेत हो," म्हणाली माझ्याकडे बघून. मी मान खाली घातली.

तिच्या मागोमाग वर्गात गेले, पोरांचा निरोप घ्यावा म्हणून. वीसच्या वीस उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मिस!" तिला. दोन शेंड्यांवाली पुढे आली, तिचं मनगट तपासलं, मग माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "मिस, ह्या बाई कोण आहेत?"

ती बिचारी घाबरून वही उलटायला लागली. सापडेना तिला. मी म्हटलं, मी कुणी नाही, चुकून आले, आणि बाहेर पडले. बाहेर आल्यावर मात्र हसू फुटलं. सुटले एकदाची! भरलेली बॅग दारात आहे. भिंगरीसाठी लाल कोट घेतलाय, एक माप मोठा. सहा महिन्यांत वाढली असेल.


८ सप्टेंबर, रविवार

दार भिंगरीनेच उघडलं. वाढलीये. मी गुडघ्यांवर बसले, हात पसरले, सगळे शब्द तयार होते. तिने अदबीने एक पाऊल मागे घेतलं. "गुड मॉर्निंग, मिस."

"गुड मॉर्निंग," माझ्या तोंडून गेलं.

तिला इतका आनंद झाला! वळून आत धावत ओरडली, "आई! आई! मिस आल्या!"

आतून उत्तर आलं, "आले गं, आले!" आवाज ताईचा नव्हता. माझा होता.